गोळ्या चालू असताना मन वरखाली होतं तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका बाईंना नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम 10 मिलिग्रॅम सुरू होऊन तीन महिने होत आलेत. दुसऱ्या महिन्यात झोप सुधारली, कामावर जाणं सुरू झालं, घरच्यांनाही फरक दिसला. आता मात्र चार-पाच दिवस बरे जातात आणि मग एक-दोन दिवस कारण नसताना रडू येतं, जरा कुणी बोललं की अंगावर धावून जावंसं वाटतं. बऱ्या दिवसांतही आतून काही हलत नाही. मुलीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला, घरात सगळे नाचले, यांना काहीच वाटलं नाही. नवरा म्हणतो, हे सगळं गोळीमुळे होतंय, बंद कर. बहीण म्हणते, डोस वाढवून घे. त्या विचारतात की गोळीचा असर संपला का, आणि आता करायचं काय?

नवऱ्याचा आणि बहिणीचा सल्ला परस्परविरुद्ध दिसतो, पण दोघांनी धरून चाललेली गोष्ट एकच आहे: मनात जे होतंय त्याचं कारण गोळीच, एकतर ती जास्त होतेय नाहीतर कमी पडतेय. मी गेली बरीच वर्षं मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो. ‘गोळ्या घेतोय तरी मूड बदलतो’ या एका वाक्याखाली निदान पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि त्यांचे उपाय कधीकधी अगदी उलट असतात. एकीत डोस वाढवावा लागतो, दुसरीत कमी करावा लागतो, तिसरीत हीच गोळी चालू ठेवणं धोक्याचं असतं, आणि चौथीत गोळीला हातही लावायचा नसतो. तेव्हा तुमच्या बाबतीत यातली कोणती, हे आधी ठरवायचं. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे निदान मी सांगू शकत नाही. विचार कसा करायचा ते सांगू शकतो.

सुरुवात तारखांपासून करा. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी बदलला, त्रास कधी सुरू झाला. माझ्या खोलीत आलेल्या माणसाला मी लक्षणांच्या आधी हेच विचारतो, कारण निम्मं उत्तर तिथेच असतं.

पहिल्या एक-दोन आठवड्यांतला मूडचा गोंधळ ही वेगळीच जात आहे. एस्सिटालोप्रामच्या गटातल्या गोळ्या मेंदूतल्या पेशींचं सेरोटोनिन हे रसायन परत शोषून घेणारं दार काही तासांतच अडवतात, पण मन सुधारायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण फायदा दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. मधल्या काळात मेंदू या बदलाशी जुळवून घेत असतो. तेव्हा मळमळ, छातीत धडधड, झोप उडणं, चिंता वाढल्यासारखी वाटणं हे सगळं होऊ शकतं. बहुतेकांचं ते दोन आठवड्यांत ओसरतं. मात्र कुणाला एका जागी बसवतच नसेल, पाय सतत हलवावेसे वाटत असतील, आतून कुणीतरी पिळवटतंय अशी असह्य तगमग होत असेल, तर ‘होईल सवय’ म्हणत थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. पंचवीस वर्षांखालच्या रुग्णांबाबत तर सुरुवातीचे आठवडे आणि डोस बदलल्यानंतरचे दिवस घरच्यांनी विशेष लक्ष ठेवायचं असतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2004 मध्ये मुलं आणि किशोरवयीनांसाठी आत्महत्येच्या विचारांबाबतचा ठळक इशारा या औषधांवर छापायला लावला आणि 2007 मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. याचा अर्थ त्यांना ही औषधं देऊ नयेत असा नाही. दिल्यावर पहिला महिना त्यांना वाऱ्यावर सोडू नये, असा आहे.

तुमचे तीन महिने होत आले, म्हणजे हा टप्पा मागे पडला. हा पर्याय आपण बाजूला ठेवू.

आता सुधारणा कशी येते ते बघू, कारण इथे बहुतेकांची अपेक्षा चुकते. साधारणपणे आधी झोप आणि भूक जागेवर येते, मग अंगात थोडा जोर येतो, माणूस उठून कामाला लागतो. ‘बरं वाटतंय’ ही भावना सगळ्यात शेवटी येते. म्हणूनच फरक पडलाय हे घरच्यांना आधी कळतं आणि रुग्ण मात्र ‘मला काहीच फरक नाही’ म्हणत असतो. दोघेही खरं बोलत असतात. शिवाय ही सुधारणा सरळ रेषेत येत नाही. दोन पावलं पुढे, एक मागे. ज्याला बरं वाटू लागलंय त्याला हे मागचं पाऊल फार घाबरवतं, कारण परत त्याच विहिरीत पडण्याची धास्ती असते. एक वाईट दिवस आणि त्या दिवसाची धास्ती, असे दोन त्रास एकदम होतात.

मग साधा वाईट दिवस कोणता आणि आजार उलटतोय हे कशावरून ओळखायचं? मी तीन गोष्टी बघतो. वाईट काळ किती टिकतो, एक-दोन दिवस की सलग दोन आठवडे. तो तुम्हाला कितपत पाडतो, म्हणजे रडत का होईना आंघोळ करून कामाला जाता की अंथरुणातून उठवतच नाही. आणि तिसरी, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी: जुने विचार परत आलेत का? ‘मी निरुपयोगी आहे, मी ओझं आहे’ हे वाक्य पुन्हा डोक्यात घोळू लागलं असेल, तर रडू कमी येत असलं तरी मी सावध होतो. उलट खूप रडू येऊन गेलं पण ते वाक्य नाही, झोप टिकून आहे, तर मी धीर धरतो.

यासाठी पीएचक्यू-9 नावाची साधी प्रश्नावली आहे. नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, आजच्या दिवसाबद्दल नाही, आणि तोच तिचा खरा उपयोग. पाच गुणांचा फरक पडला तर तो दखल घेण्यासारखा. पाचच्या खाली आलात तर आजार जवळजवळ उतरला असं समजतात. दर दोन आठवड्यांनी एकदा भरा. रोज भरू नका, रोज भरणारी माणसं गुणांच्याच काळजीने आजारी पडतात.

रोजसाठी वेगळी नोंद ठेवा, एका ओळीची. गोळी किती वाजता घेतली, झोप किती झाली, मूड दहापैकी किती, आणि पाळीचा कितवा दिवस. बस. याहून जास्त लिहायला सांगितलं की लोक चौथ्या दिवशी सोडून देतात.

या एका ओळीने काय हाती लागतं ते सांगतो. एक गृहस्थ व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या औषधाच्या साध्या गोळ्या घेत होते. तक्रार अशी की आठवडाभर ठीक असतो पण रविवारी दुपारी विनाकारण घरच्यांवर डाफरतो, डोकं गरगरतं, डोळ्यांत पाणी येतं. घरात सगळ्यांनी याचं कारण शोधून ठेवलं होतं: सोमवारच्या ऑफिसचा ताण. नोंदींत दिसलं ते वेगळंच. एरवी सकाळची गोळी साडेसातला, रविवारी उशिरा उठून, निवांत आवरून, थेट बाराच्या पुढे. व्हेन्लाफॅक्सिनचं शरीरातलं प्रमाण सुमारे पाच तासांत निम्मं होतं, त्यापासून तयार होणाऱ्या सक्रिय घटकाचं सुमारे अकरा तासांत. चार-पाच तासांचा उशीरही अशा औषधात जाणवतो. सावकाश विरघळणारी, दिवसातून एकदाच घ्यायची गोळी आणि उशाशी पाण्याचा ग्लास, एवढ्यावर रविवार सुधारले. ऑफिसचा ताण होताच, पण रविवारचा गुन्हेगार तो नव्हता.

तुमच्या एस्सिटालोप्रामचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण तीस तास लागतात, त्यामुळे थोडा उशीर झाला तर इतका फरक पडू नये. पण लागोपाठ दोन दिवस गोळी राहिली तर पडतो. प्रामाणिकपणे आठवून बघा. बरं वाटू लागलं की गोळ्या विसरायला होतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की ‘विसरता का?’ असं मी विचारतच नाही. ‘आठवड्यातून किती वेळा राहते?’ असं विचारतो.

पाळीचा दिवस लिहायला का सांगितलं? तुमची मुलगी कॉलेजात चाललीय, म्हणजे तुम्ही बहुधा चाळिशीच्या आसपास किंवा पुढे असाल. पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत हार्मोन्स वरखाली होतात आणि त्याबरोबर मूडही. नैराश्य आधी होऊन गेलेल्या स्त्रियांना तो काळ जास्त जड जातो. शिवाय पाळीच्या आधीच्या आठवड्यात नैराश्याची लक्षणं उसळणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. तुमचे वाईट दिवस दर महिन्याला त्याच सुमारास येत असतील तर उपाय त्या दिशेने शोधता येतो, आणि गोळी ‘फेल गेली’ असा निष्कर्ष काढायचं कारण उरत नाही. याच ओघात थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, आधी कुणी तपासलं नसेल तर. थायरॉइड मंदावलेला असताना नैराश्याचं औषध वाढवत बसण्यात अर्थ नसतो.

आता तुमच्या प्रश्नातल्या त्या वाक्याकडे येतो, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. मुलीचा प्रवेश झाला आणि काहीच वाटलं नाही.

हे सांगायला लोक लाजतात. कृतघ्न वाटतं त्यांना. आई असून आनंद झाला नाही, वडील गेले तरी रडू आलं नाही, हे कुणाला सांगायचं? म्हणून डॉक्टरांसमोर ‘बरं आहे’ म्हणून उठतात. प्रत्यक्षात हा या औषधांचा ओळखीचा परिणाम आहे. नैराश्याची औषधं घेणाऱ्यांना नेमकं विचारलं तर निम्म्याच्या जवळपास लोक काही ना काही प्रमाणात भावना बोथट झाल्याचं सांगतात. दुःखाचा आवाज कमी करणारं बटण सगळ्याच स्टेशनांचा आवाज कमी करतं, असं समजा. एक गाणाऱ्या बाई मला म्हणाल्या होत्या, ‘सूर बरोबर लागतो, लोक वाहवा करतात, पण पूर्वी स्वतःच्याच अंगावर काटा यायचा तो येत नाही. मी गाते, पण मी तिथे नसते.’ बोथटपणाचं इतकं नेमकं वर्णन मी पाठ्यपुस्तकातही वाचलेलं नाही.

अडचण अशी की नैराश्य स्वतःही आनंद हिरावून घेतं. मग हे औषधाने झालंय की आजार उरलाय? ठरवताना मी असा विचार करतो. उरलेल्या आजारात आनंद नसतो पण दुःख असतं, अपराधी वाटतं, थकवा असतो, सकाळी जास्त जड वाटतं. औषधाच्या बोथटपणात दोन्ही बाजू सपाट होतात: आनंद नाही आणि फारसं वाईटही वाटत नाही, काम मात्र व्यवस्थित चालू असतं, ‘चालतंय की’ अशी एक अलिप्तता असते. ती गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर आलेली असते, आणि सोबत बहुधा लैंगिक इच्छाही कमी झालेली असते, जे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. तुमच्या वर्णनात दोन्हींच्या खुणा आहेत. रडण्याचे दिवस आजाराकडे बोट दाखवतात, मधले सपाट दिवस औषधाकडे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. म्हणूनच नुसतं ‘मूड बदलतो’ असं डॉक्टरांना सांगितलंत तर ते डोस वाढवतील आणि रडणं कमी होऊन सपाटपणा वाढेल. आणि नुसतं ‘काही वाटत नाही’ म्हणालात तर कमी करतील आणि उलटं होईल.

बोथटपणावर उपाय आहेत. आजार नीट आटोक्यात असेल तर डोस थोडा कमी करून बघता येतो. ब्युप्रोपिऑनसारख्या वेगळ्या मार्गाने काम करणाऱ्या औषधावर जाता येतं किंवा ते जोडता येतं, अर्थात ज्याला फिट येण्याचा त्रास आहे त्याला ते चालत नाही. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे साधारण एक तृतीयांश असतात. बाकीच्यांना बदल करावाच लागतो, त्यामुळे बदल म्हणजे अपयश समजू नका.

एक प्रश्न मात्र कुठलाही बदल करण्याआधी विचारलाच पाहिजे, आणि त्याचं उत्तर तुमच्या घरच्यांनी द्यायचं आहे. मधल्या बऱ्या दिवसांत तुम्ही नुसत्या बऱ्या असता की जरा जास्तच बऱ्या? तीन-चार तास झोपूनही ताज्यातवान्या, बोलणं भरभर, डोक्यात एकामागून एक बेत, एरवी न कराल असा खर्च, आणि कुणी अडवलं की भडका? असं काही दिवस सलग होत असेल, किंवा आई-वडील-भावंडांत कुणाला बायपोलर आजार, म्हणजे मन कधी खचतं तर कधी उसळी मारतं असा आजार असेल, तर हे चित्र वेगळं आहे. बायपोलर माणसाला नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर मन उसळी मारू शकतं किंवा झपाट्याने वरखाली होऊ लागतं. तिथे डोस वाढवण्याचा बहिणीचा सल्ला घातक ठरेल. उसळीच्या दिवसांत रुग्णाला स्वतःला काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही, ‘अखेर मी पूर्वीसारखी झाले’ असंच वाटतं. म्हणून हा प्रश्न नवऱ्याला विचारा.

बाकीच्या गोष्टी झरझर सांगतो. दारू: त्या संध्याकाळी हलकं वाटतं, पुढचे दोन दिवस मूड आणि झोप दोन्ही बिघडतात, नोंदवहीत लगेच दिसतं. इतर औषधं: ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध, लिनेझोलिड हे अँटिबायोटिक, सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी, यातलं काहीही घेण्याआधी आपली गोळी कोणती ते सांगा. ही औषधं तुमच्या गोळीबरोबर मिळून सेरोटोनिन फार वाढवू शकतात; अचानक घाम, थरथर, जुलाब, ताप आणि प्रचंड अस्वस्थता एकत्र आली तर थेट रुग्णालय गाठा. वयस्कर माणसांत, विशेषतः लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असताना, नव्याने आलेली सुस्ती आणि गोंधळलेपण हे मूडचं नसून रक्तातलं सोडियम उतरल्याचं असू शकतं. साधी रक्ततपासणी पुरते.

नवऱ्याचा सल्ला उरला: बंद कर. त्यांना तुमची काळजी आहे आणि त्यांचं निरीक्षण अर्धं बरोबरही असू शकतं. तरी आज ठरवून उद्या बंद, हे करू नका. दोन ते चार दिवसांत चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं, विचित्र स्वप्नं, चिडचिड, रडू, हे सुरू होऊ शकतं. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो ‘बघ, गोळीची सवय लागली होती’, दुसरा म्हणतो ‘बघ, आजार उलटला’. बंद केल्याचा त्रास काही दिवसांत येतो, त्यात अशी शारीरिक लक्षणं असतात आणि गोळी परत सुरू केली की लवकर जातो. आजार बहुधा आठवड्यांनी, सावकाश परततो. आणि कमी करायची वेळ आली तरी शेवटचे टप्पे सगळ्यात सावकाश घ्यावे लागतात. कारण नेहमीच्या सुरुवातीच्या डोसलाच सेरोटोनिनची सुमारे 80 टक्के दारं अडवलेली असतात. 20 वरून 10 वर येताना मेंदूला फारसा फरक पडत नाही, 5 वरून शून्यावर येताना मोठा पडतो. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर पूर्ण बरं वाटल्यानंतर पुढे साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, वारंवार येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. तुम्ही अजून पूर्ण बऱ्या झालेल्या नाही, तेव्हा बंद करण्याची चर्चाच अजून लांब आहे.

आणि त्या एक-दोन वाईट दिवसांचं काय करायचं? त्या दिवशी औषधाबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, नोकरी आणि नात्याबद्दलही नाही. गोळी नेहमीच्या वेळी घ्यायची. दिवसातली दोनच कामं ठरवायची, एक शरीराचं आणि एक कुणाबरोबर तरी करायचं. वीस मिनिटं चालणं आणि एका माणसाला फोन, इतकं साधं. मन लागेल तेव्हा करेन असं नाही, वेळ झाली म्हणून करायचं. कृती आधी, मूड मागून. यालाच धरून बांधलेली समुपदेशनाची पद्धत नैराश्यात चांगली चालते. तुम्हाला आतापर्यंत नुसत्या गोळ्याच मिळाल्या असतील तर समुपदेशनाबद्दल जरूर विचारा. नवऱ्याला सांगा की त्या दिवशी ‘काय झालं?’ असं विचारू नका, कारण उत्तर नसतं आणि उत्तर नसल्याचा आणखी त्रास होतो. शेजारी बसलात तरी चालेल.

जगू नये असं वाटू लागलं, त्याचे मार्ग डोक्यात येऊ लागले, तर वर लिहिलेल्या नोंदी आणि दोन आठवड्यांची वाट हे सगळं बाजूला ठेवा. त्याच वेळी घरातल्या माणसाला सांगा, एकट्या राहू नका, आणि डॉक्टर, जवळचं रुग्णालय किंवा तुमच्या भागातली मदतवाहिनी, जे आधी हाताशी येईल ते गाठा. घरातल्या गोळ्या त्या काळात दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या.

असं काही नसेल तर दोन ते तीन आठवडे नोंद ठेवा आणि मग डॉक्टरांकडे जा. नवऱ्याला सोबत न्या. आत गेल्यावर ‘बरं आहे’ने सुरुवात करू नका. हे तीन मुद्दे कागदावर लिहून न्या आणि वाचूनच दाखवा: रडण्याचे दिवस कोणत्या तारखांना आले आणि त्याच्या आदल्या दोन दिवसांत गोळी, झोप, पाळी यांचं काय होतं, मधल्या दिवसांत आनंद आणि दुःख दोन्ही वाटत नाही की फक्त आनंद, आणि झोप कमी होऊनही जोर वाढलेला असे दिवस आले का, हे नवऱ्याच्या तोंडून. मुलीच्या प्रवेशाचा प्रसंग जसा इथे लिहिलात तसाच तिथे सांगा.